सीमा ओलांडली की आई-वडील बदलतात का? परदेशातल्या पालकत्वाच्या मान्यतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात सरोगसीने मूल झालेलं, परदेशातून दत्तक घेतलेलं, किंवा मूल एका देशात जन्मलं आणि वाढणार दुसऱ्याच देशात, अशा कुटुंबांसाठी हे पान आहे. प्रत्येक प्रकरणाचा तपशील वेगळा असतो आणि शेवटचा सल्ला दोन्ही देशांतल्या वकिलांकडूनच घ्यायला हवा. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी प्रश्न नेमका कुठे अडतो, ते समजलेलं बरं.

जन्मदाखल्यावर आमची दोघांची नावं आहेत. मग दुसऱ्या देशाने शंका का घ्यावी?

कारण जन्मदाखला ही नोंद असते, निवाडा नसतो. अमुक दिवशी अमुक ठिकाणी मूल जन्मलं आणि तिथल्या निबंधकाने तिथल्या कायद्याप्रमाणे आई-वडिलांच्या रकान्यात ही नावं लिहिली, इतकंच तो सांगतो. दुसऱ्या देशातला अधिकारी त्याला खोटा म्हणत नसतो. तो म्हणतो, "आमच्या कायद्याने या मुलाची आई कोण, हे मला तपासावं लागेल." तसं तपासण्याचा अधिकार त्याला असतो. आई-वडील ठरवायचे नियम प्रत्येक देशाचे आपापले आहेत आणि ते एकमेकांशी जुळवणारा जागतिक करार आजही झालेला नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

एकाच मुलाचे आई-वडील दोन देशांत वेगवेगळे कसे असू शकतात?

2008 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर आलेलं एक प्रकरण बघा. एका ब्रिटिश जोडप्यासाठी युक्रेनमधल्या सरोगेट आईने जुळ्यांना जन्म दिला. बीज नवऱ्याचं होतं, अंडं दात्या स्त्रीचं. युक्रेनचा कायदा म्हणत होता की आई-वडील हे ब्रिटिश जोडपं. सरोगेट आईचा मुलांशी काही संबंध नाही. ब्रिटिश कायदा म्हणत होता की जिने जन्म दिला ती आई, मग जन्म जगात कुठेही होवो. आणि ती विवाहित असल्याने तिचा नवरा वडील. म्हणजे युक्रेन बोट दाखवत होतं ब्रिटनकडे, ब्रिटन बोट दाखवत होतं युक्रेनकडे, आणि मध्ये दोन तान्ही बाळं. त्यांना ना नागरिकत्व, ना कायद्याने आई-वडील. युक्रेनमध्ये राहण्याचा हक्क नाही, ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही. शेवटी न्यायालयाने मुलांचं हित बघून त्या जोडप्याच्या नावे पालकत्वाचा हुकूम काढला.

या प्रकरणात कुणी कुणाला फसवलं नव्हतं, कागद खोटा नव्हता, वाद घालणारा तिसरा पक्षही नव्हता. दोन्ही देशांनी आपापला कायदा प्रामाणिकपणे पाळला, आणि तरी मुलं उघड्यावर पडली. अशा पालकत्वाला या क्षेत्रात 'लंगडं पालकत्व' म्हणतात: एका देशात उभं राहणारं, दुसऱ्या देशात न टिकणारं.

'पालक' आणि 'आई-वडील' यांत कायद्याला फरक वाटतो का?

फार मोठा फरक वाटतो, आणि मराठीत इथे शब्दच पायात येतो. आपण 'पालक' म्हणतो तेव्हा आई-वडीलही अभिप्रेत असतात आणि न्यायालयाने नेमलेला सांभाळकर्ताही. शाळेच्या कागदावर 'पालकाची सही' काकाही करतो. पण काका सांभाळकर्ता झाला म्हणून मूल त्याचा वारस होत नाही, त्याचं नागरिकत्व मुलाला मिळत नाही, आणि मूल सज्ञान झालं की ते नातं कायद्यापुरतं संपतं. आई-वडीलपण मात्र जन्मभराचं असतं. नाव, नागरिकत्व, वारसा, पोटगी हे सगळं त्यातून येतं. या पानावर 'पालकत्व' हा शब्द फक्त आई-वडीलपणाच्या अर्थाने आहे. परदेशी न्यायालयाचा हुकूम हातात आला की पहिल्यांदा हेच बघा, त्यात तुम्हाला नेमकं काय दिलंय? 'ताबा' किंवा 'सांभाळ' लिहिलं असेल तर त्यावर मातृत्व-पितृत्वाची इमारत उभी राहत नाही.

कोणत्या देशाचा कायदा लागू होणार, हे कोण ठरवतं?

ज्या देशाच्या दारात तुम्ही उभे आहात, तो देश. प्रत्येक देशाकडे त्यासाठी नियम असतात आणि त्यांनाच मिळून खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नावात 'आंतरराष्ट्रीय' असलं तरी तो बहुतांशी त्या त्या देशाचा घरचाच कायदा असतो. काही देश मुलाचं किंवा आई-वडिलांचं नागरिकत्व बघतात, काही मुलाचं नेहमीचं वास्तव्य बघतात, काही सरळ स्वतःचाच कायदा लावतात. त्यामुळे "मूल तिकडे जन्मलं, म्हणून तिकडचा कायदा" हे गृहीत धरू नका. बहुतेक फसगत याच गृहीतकातून होते.

दाखल्याला अपोस्टिल करून घेतलं. आता तरी तो सगळीकडे चालेल ना?

कागद म्हणून चालेल. त्यातलं नातं मान्य होईलच असं नाही.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लावलेलं प्रमाणन, एकदा नीट वाचून बघा. एक चौकोन असतो, बाजू किमान 9 सेंटीमीटर. वर फ्रेंचमध्ये 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग कराराचा उल्लेख, आणि खाली 10 क्रमांकित ओळी: देश कोणता, सही कुणाची, सही करणाऱ्याचा हुद्दा काय, शिक्का कुणाचा, कुठे, केव्हा, कुणी प्रमाणित केलं, क्रमांक, मोहर, सही. या दहा ओळींत मुलाचं नाव नाही, आईचं नाही, वडिलांचं नाही. सही खरी आहे आणि सही करणारा त्या हुद्द्यावर होता, इतकीच ग्वाही ते देतं. मजकुराबद्दल एक अक्षर बोलत नाही. युरोपीय संघातल्या देशांत तर 2016 च्या एका नियमावलीनंतर अशा दाखल्यांना अपोस्टिलही लागत नाही, पण त्याच नियमावलीत हेही लिहिलंय की दाखल्यातल्या मजकुराच्या कायदेशीर परिणामांना ती हात लावत नाही.

मग दाखल्यापेक्षा भक्कम काय असतं?

न्यायालयाचा निकाल. माझ्या मते या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर हेच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

परदेशातला दाखला समोर आला की अधिकारी विचारतो, "आमच्या नियमांनी कोणता कायदा लागतो, आणि त्या कायद्याने आई-वडील कोण?" म्हणजे सगळं गणित पहिल्यापासून. परदेशी न्यायालयाचा निकाल समोर आला की अनेक देशांत प्रश्न बदलतो: ते न्यायालय सक्षम होतं का, सगळ्यांचं म्हणणं ऐकलं का, आणि निकाल आमच्या मूलभूत तत्त्वांना छेद देतो का? गणित पुन्हा मांडायचं नसतं, उत्तर स्वीकारता येतं का एवढंच बघायचं असतं.

जर्मनीतले दोन निकाल शेजारी ठेवले की हा फरक स्पष्ट दिसतो. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयासमोर दोन पुरुष जोडीदारांचं प्रकरण होतं. मूल कॅलिफोर्नियात सरोगसीने झालेलं, दोघांपैकी एक जनुकीय पिता, आणि दोघांनाही वडील ठरवणारा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाचा निकाल हातात. जर्मनीत सरोगसीची वैद्यकीय प्रक्रिया करणं हा गुन्हा असूनही न्यायालयाने तो निकाल मान्य केला. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयासमोर एक विवाहित जोडपं आलं. मूल युक्रेनमध्ये जन्मलेलं, बीजही त्यांचं आणि अंडंही त्यांचंच. पण हातात फक्त युक्रेनची जन्मनोंद होती, निकाल नव्हता. न्यायालय म्हणालं, मुलाचं वास्तव्य जर्मनीत, म्हणून कायदा जर्मन, आणि जर्मन कायद्याने आई म्हणजे जन्म देणारी. ज्या स्त्रीचं अंडं होतं तिला स्वतःचंच मूल दत्तक घ्यायला सांगितलं गेलं. जनुकीय नातं नसलेला बाप पहिल्या प्रकरणात कागदावर बाप ठरला आणि जनुकीय आई दुसऱ्या प्रकरणात परकी. तफावत पडली ती निकाल आणि नोंद यांतल्या फरकाने.

डीएनए चाचणीने प्रश्न सुटत नाही का?

पित्याच्या बाबतीत पुष्कळदा मदत होते. आईच्या बाबतीत मात्र, वर पाहिलंत तसं, बऱ्याच देशांत अंड्यापेक्षा बाळंतपणाला महत्त्व आहे. शिवाय विवाहित स्त्रीच्या मुलाचा बाप तिचा नवरा, हे गृहीतक अनेक कायद्यांत इतकं पक्कं आहे की चाचणी पुढे करण्याआधी ते रीतसर खोडावं लागतं.

'सार्वजनिक धोरणाविरुद्ध' म्हणून अर्ज फेटाळला. याचा अर्थ काय?

परदेशी कायदा किंवा निकाल इथे लागू केला तर आमच्या कायद्याच्या पायालाच धक्का लागेल, असं म्हणून नकार देण्याची ही शेवटची कडी आहे. ती असावी याबद्दल वाद नाही. विकलेलं किंवा पळवलेलं मूल कुणाच्या नावावर चढू नये, यासाठी ती हवीच. पण ती लावताना बरेच देश एक गोष्ट विसरतात. करार केला मोठ्यांनी, नियम मोडला मोठ्यांनी, आणि दार बंद होतं ते मुलावर.

हा मुद्दा स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 26 जून 2014 रोजी फ्रान्सविरुद्धच्या दोन प्रकरणांत ठामपणे मांडला. त्यातल्या एकात 2000 साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या जुळ्या मुली होत्या. वडील जनुकीय पिता, तरी फ्रान्स नोंद करायला तयार नव्हता. न्यायालय म्हणालं, आई-वडिलांच्या कौटुंबिक जीवनाचा भंग झालेला नाही, कारण कुटुंब एकत्र राहतंय. पण मुलींच्या खासगी जीवनाचा भंग झाला आहे, कारण आपण कुणाच्या, हे ठरणं हा त्यांच्या ओळखीचा भाग आहे. दोन पारडी अशी वेगळी केल्यामुळे पुढच्या सगळ्या युक्तिवादाची दिशा बदलली. 2019 च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने सल्ला दिला की जनुकीय नातं नसलेल्या आईलाही नातं मान्य करून घेण्याचा मार्ग देशाने ठेवलाच पाहिजे. तो थेट नोंदणीचा असो वा दत्तकाचा, पण लवकर आणि परिणामकारक हवा. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जुळ्यांची नोंद अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये कायम केली. तोवर त्या सज्ञान झाल्या होत्या. मुलाचं बालपण संपल्यावर मिळालेल्या बालहक्काला मी विजय म्हणू शकत नाही.

दोघांपैकी कुणाचंच जनुकीय नातं नसेल तर?

तर जमीन निसरडी आहे, हे आधीच ओळखा. रशियात 2011 साली सरोगसीने जन्मलेल्या एका मुलाला घेऊन इटलीचं जोडपं घरी परतलं. चाचणीत दोघांशीही नातं निघालं नाही. काही महिन्यांतच मूल त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठाने जानेवारी 2017 मध्ये इटलीच्या बाजूने निकाल दिला. उलट आइसलंडच्या प्रकरणात, 2021 मध्ये, पालकत्व नाकारलं तरी मूल त्याच दोन स्त्रियांकडे सांभाळायला ठेवलं होतं आणि त्याला नागरिकत्वही दिलं होतं, म्हणून भंग झाला नाही असं न्यायालय म्हणालं. मुलाला घरातून न उचलता नाव नाकारणं हा त्यातल्या त्यात कमी क्रूर मार्ग, पण नातं तिथेही अधांतरीच राहिलं.

आम्ही दोघी आई आहोत आणि दाखल्यावर दोघींची नावं आहेत. प्रवासात आणि स्थलांतरात काय होईल?

2019 च्या डिसेंबरात स्पेनमध्ये एक मुलगी जन्मली. एक आई बल्गेरियाची, दुसरी ब्रिटनची, स्पॅनिश दाखल्यावर दोघीही. बल्गेरियाचा पासपोर्ट मिळावा म्हणून सोफियातल्या पांचारेवो विभागात बल्गेरियन दाखला मागितला. तिथल्या छापील नमुन्यात एक रकाना 'आई', एक रकाना 'वडील'. कार्यालयाने विचारलं, जन्म दिला कुणी? बल्गेरियन आईने उत्तर द्यायला नकार दिला आणि अर्ज फेटाळला गेला. युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने 14 डिसेंबर 2021 रोजी सांगितलं की मुलगी बल्गेरियाची नागरिक असेल तर तिला ओळखपत्र किंवा पासपोर्ट द्यावाच लागेल आणि दोघी आयांसोबत संघभर फिरता येईल, इतपत नातं मानावंच लागेल. पण बल्गेरियाने स्वतःच्या कायद्यात दोन आया मान्य कराव्यात, अशी सक्ती मात्र केली नाही. पुढे 2023 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती बल्गेरियाची नागरिकच नाही असं ठरवलं. म्हणजे लक्झेंबर्गमध्ये जिंकलेला खटला सोफियात एका 'जर'वर अडकला.

प्रवासापुरतं मानलेलं नातं वारसाहक्काला किंवा पोटगीला पुरेल, असं समजू नका. ते वेगळं लढावं लागतं.

परदेशातून दत्तक घेतलेल्या मुलाचं काय?

इथे परिस्थिती खूप बरी आहे. 29 मे 1993 चा हेग दत्तक करार 100 हून अधिक देशांनी स्वीकारला आहे. दोन्ही देशांच्या मध्यवर्ती यंत्रणांनी आधी संमती दिली आणि कराराप्रमाणे दत्तकविधान झालं, की तसं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवल्यावर बाकीच्या सदस्य देशांत मान्यता आपोआप मिळते. नाकारायचं तर मुलाचं हित लक्षात घेऊनही ते सार्वजनिक धोरणाच्या उघड विरोधात असावं लागतं. ते प्रमाणपत्र जपून ठेवा.

कराराबाहेरच्या दत्तकाला हे संरक्षण नाही. नातेवाइकाचं मूल घरगुती पद्धतीने दत्तक घेऊन मग परदेशी न्यायचं ठरवणाऱ्यांची सर्वाधिक अडचण इथेच होते. कार्यपद्धती चुकली तर नंतर दुरुस्त करणं फार कठीण जातं.

कफाला म्हणजे दत्तकच का?

नाही. इस्लामी कायद्याच्या परंपरेत मुलाचा पूर्ण सांभाळ घेता येतो, पण रक्ताचं नातं आणि वारसा मूळ कुटुंबाशीच राहतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च 2019 मध्ये अल्जीरियातल्या एका मुलीच्या बाबतीत सांगितलं की कफालातलं मूल 'थेट अपत्य' धरता येणार नाही, पण कुटुंबातली व्यक्ती म्हणून तिच्या प्रवेशाचा सहानुभूतीने विचार व्हायला हवा.

मूल कोणत्याच देशाचं नागरिक नाही, असं खरंच होतं?

होतं. जन्माच्या देशात केवळ जमिनीवर जन्मल्याने नागरिकत्व मिळत नसेल, आणि आई-वडिलांचा देश नातंच मानत नसेल, तर मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही. गुजरातमधल्या आणंद इथे 2008 साली सरोगसीने झालेल्या दोन जन्मांनी हे जगासमोर आणलं. एका जपानी जोडप्याने बाळ जन्मण्याआधीच घटस्फोट घेतला, आणि आजीने सांभाळलेलं ते बाळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर ओळखपत्रावर जपानला गेलं. जर्मन जोडप्याच्या जुळ्यांना भारत सोडायला 2010 उजाडलं.

आमच्या देशात सरोगसीला बंदी आहे. परदेशात केली तर शिक्षा होईल?

हे देशागणिक बदलतं आणि हल्ली झपाट्याने बदलतंय. इटलीने 2024 च्या अखेरीस कायदा बदलून आपल्या नागरिकांनी परदेशात केलेल्या सरोगसीलाही गुन्हा ठरवलं. शिक्षा 3 महिने ते 2 वर्षं कैद आणि 6 लाख ते 10 लाख युरो दंड. मित्राला पाच वर्षांपूर्वी जे जमलं ते आज जमेल, या भरवशावर निघू नका.

यावर जागतिक करार होतोय की नाही?

प्रयत्न चालू आहेत. खासगी आंतरराष्ट्रीय कायद्यावर करार घडवणाऱ्या हेग परिषदेने 2015 मध्ये तज्ज्ञगट नेमायचं ठरवलं, त्याचा अंतिम अहवाल 2022 मध्ये आला, आणि 2023 मध्ये कार्यगट स्थापन झाला. अडचण अशी की काही देशांना सरोगसीचा उल्लेख असलेला करारच नको आहे, आणि सरोगसी वगळली तर ज्या मुलांची सगळ्यात जास्त परवड होते तीच बाहेर राहतात. युरोपीय आयोगाने 7 डिसेंबर 2022 रोजी संघापुरती नियमावली सुचवली. एका सदस्य देशात ठरलेलं पालकत्व सगळ्यांनी मानायचं आणि त्यासाठी एक युरोपीय पालकत्व प्रमाणपत्र द्यायचं. सुमारे 20 लाख मुलांना याचा फायदा होईल असा आयोगाचा अंदाज. पण कौटुंबिक कायद्याला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

1996 च्या हेग बालसंरक्षण करारावर कुणी भिस्त ठेवली असेल तर तोही उपयोगाचा नाही. पालकत्व ठरवणं किंवा नाकारणं त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे.

मूल जन्मण्याआधी आम्ही काय करून ठेवावं?

पहिला वकील जिथे मूल वाढणार आहे त्या देशातला गाठा. जिथे जन्मणार आहे तिथला नंतर. एजन्सी किंवा रुग्णालय सांगेल ते जन्माच्या देशापुरतं खरं असतं. जन्माच्या देशात न्यायालयाचा निकाल मिळण्याची सोय असेल तर दाखल्यावर न थांबता निकालच घ्या, आणि त्यात सरोगेट आईची संमती जन्मानंतर पुन्हा नोंदवली गेल्याचा उल्लेख असू द्या. घरच्या देशातल्या मुदती पाठ करा. ब्रिटनमध्ये पालकत्वाच्या हुकुमासाठी जन्मापासून 6 महिन्यांत अर्ज करायचा असतो. न्यायालयांनी 2014 पासून उशीर पदरात घेतला आहे, पण त्या दयेवर विसंबू नये. दोघांपैकी एकाचंच नातं मान्य होणार असेल, तर दुसऱ्याच्या दत्तकाची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा आणि दोघांचंही मृत्युपत्र करून टाका. मधल्या काळात मान्य असलेला पालक गेला, तर दुसऱ्याला रुग्णालयात मुलाच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याचाही अधिकार उरत नाही.

हे सगळं झाल्यावर कोणते कागद ठेवावेत आणि किती काळ?

निकालाची प्रमाणित प्रत, मूळ दाखला, भाषांतरं, प्रमाणपत्रं हे तर आलंच. त्याशिवाय सरोगेट आईचं नाव, दात्याची जी माहिती मिळत असेल ती, आणि रुग्णालयाच्या नोंदी वेगळ्या पाकिटात ठेवा. 1989 च्या बालहक्क कराराच्या सातव्या कलमात शक्य तिथवर आपले आई-वडील कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क लिहिला आहे, आणि बरेच देश ही माहिती कायमची ठेवत नाहीत. कायद्याला ती लागणार नाही कदाचित. पण पंधरा-सोळा वर्षांनी ते पाकीट मागणारी व्यक्ती तुमच्याच घरात असेल.